सांगणे आणि लपविणे

विद्या हे धन असे की ते दिल्याने वाढते आणि झाकून ठेवल्याने नासते, असे आम्ही बालपणी घोकले, पुढे तीस वर्षे विद्यार्थ्यांकडून घोकवून घेतले, आणि या वचनाच्या सत्यतेविषयी शंका घेण्याची पाळी आमच्यावर कधी येईल असे आम्हास स्वप्नातही वाटले नव्हते. अध्यापकाच्या व्यवसायाचे सारे नीतिशास्त्र या एका वचनात सामावले आहे असे म्हटले तरी चालेल. जे आपणास ठाऊक आहे ते दुसऱ्यास सांगावे. हातचे राखून ठेवू नये. विचारणारा कोण आहे हे पाहू नये. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील एका पायवाटेवर दोन प्रसंग असे घडले की, पहिल्यात आम्ही सांगितले म्हणून एक वस्तू नाहीशी झाली, आणि दुसऱ्यात आम्ही सांगितले नाही म्हणून दुसरी नाहीशी झाली. दोन्ही वस्तू क्षुल्लक होत्या. तरी त्यांच्या नाशाने आमच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो क्षुल्लक नाही असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. भिवंडीस सारा महाराष्ट्र यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखतो. नारपोली हे एके काळी तिच्या कडेचे वेगळे खेडे होते. आज ते शहरात असे मिसळून गेले आहे की खेडे कोठे संपले आणि कारखाना कोठे सुरू झाला हे सांगणे कठीण. रात्रंदिवस मागांची खडखड, अंजूरफाट्याकडून येणाऱ्या मालमोटारींची रीघ आणि जिकडे दृष्टी टाकावी तिकडे पत्र्याच्या छपरांची गोदामे, असा हा परिसर आहे. येथे निसर्ग पाहावयास कोणी येत नाही, आणि आला तर त्याची फसगत होईल अशीच सर्वांची समजूत. आमचे महाविद्यालय याच वस्तीच्या टोकास आहे. त्याच्या ग्रंथालयामागून एक पायवाट निघते आणि एका बुजलेल्या दगडखाणीच्या कडेने कुंपणापर्यंत जाते. लांबी जेमतेम पाचसहाशे पावले. पण तेवढ्यात करंज आहे, उंबर आहे, पळस आणि कुडा आहे, दोन शिंदी आहेत. पावसाळा लागला की टाकळा आणि कुरडू गुडघ्याएवढे वाढतात, आणि कुजलेल्या ओंडक्यांवर माणसाच्या कानाच्या पाळीसारखी बुरशी फुटते. उंबराच्या फळांवर तांबट येतो, भारद्वाज झुडपांतून भारदस्त चालीने हिंडतो, आणि मुंगसाचे एक कुटुंब खाणीच्या दगडांत बिऱ्हाड करून आहे. वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आम्ही तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवितो. परंतु त्या विषयाच्या आमच्या एका तरुण सहाध्यापकाने नाद लावल्यामुळे दर शनिवारी विद्यार्थ्यांसह या वाटेने फिरण्याचा परिपाठ आम्हीही ठेवला होता.

२०२२ सालच्या श्रावणात या वाटेवरील एका वारुळाच्या पायथ्याशी अळंबी उगवली. वारुळावरची ही भूछत्रे सामान्य भूछत्रे नव्हेत. वाळवी जमिनीखालच्या कोठड्यांत, चघळून आणलेल्या काष्ठाचा मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र गोळा रचते आणि त्याच्यावर या बुरशीची शेती करते. बुरशी काष्ठ पचवून देते, वाळवी तिचे रक्षण करते. आणि हा उभयतांचा संसार कोट्यवधी वर्षे चालत आलेला आहे. पावसाळ्यात त्या कोठडीतून एक लांब मुळासारखा देठ वर निघतो आणि माती फोडून छत्री उघडतो. मनुष्याने इतर अनेक अळंबींची लागवड साधली. या जातीची व्यापारी शेती मात्र त्याला साधलेली नाही. जी विद्या वाळवीस अवगत आहे ती विद्यापीठांस नाही, हे ऐकून विद्यार्थ्यांना फार मौज वाटली.

त्या वेळी एक वृद्धा तेथे अळंबी खुडीत होती. जवळच्या एका वाडीवरून ती येई. कुंपणाच्या एका खिंडीतून तिची ये-जा पूर्वापार चालू होती आणि पहारेकरीही तिला अडवीत नसे. ती छत्री बोटांत धरून किंचित पिळी आणि अलगद काढी. माती उकरीत नसे. पूर्ण उघडलेल्या छत्र्या ती तशाच टाकून देत असे. का, असे विचारता "त्या जून झाल्या, त्यांत किडे पडतात" एवढेच तिने सांगितले. विद्यार्थ्यांपैकी एकाने पुढच्या खेपेस कोठे उगवतील असे विचारले, तेव्हा ती हसली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, जागा कुनाला सांगायची नसते. सांगितली का ती रुसते."

आम्ही त्या वेळी मनात हसलो हे कबूल केले पाहिजे. जागा कशी रुसणार? ही भोळी समजूत, आणि तिच्या मुळाशी आपला वाटा दुसऱ्यास मिळू नये एवढी साधी स्वार्थबुद्धी असावी, असा निष्कर्ष आम्ही घरी पोहोचण्यापूर्वीच काढला. पुढच्याच आठवड्यात त्या वारुळापाशी आम्ही एक पाटी लावविली. तीवर भूछत्राचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, वाळवीशी त्याचे नाते आणि शेवटी 'खाद्य व रुचकर' असे लिहिले. पाटीसमोर विद्यार्थ्यांची छायाचित्रे निघाली आणि ती दूरध्वनीवरून दोन दिवसांत कोठच्या कोठे गेली. त्या रविवारी महाविद्यालय बंद असता कोणी मंडळी पहारी घेऊन आली. छत्र्या अर्थातच संपल्या होत्या. म्हणून त्यांनी त्या जेथून निघतात ते मूळ शोधण्याकरिता वारूळ तळापर्यंत खणले. सोमवारी सकाळी आम्ही पाहिले तो पाटी उभी होती आणि तिच्यापुढे कमरेइतका खड्डा. दुसऱ्या वर्षी तेथे काही उगवले नाही; त्यानंतरही उगवलेले नाही. जागा रुसली होती.

येथे वाचक म्हणतील की दोष सांगण्याचा नव्हे, खणणारांच्या लोभाचा आहे. आमचेही प्रथम हेच म्हणणे होते. परंतु लोभ आहे हे ठाऊक असता जो सांगतो त्याच्यावर काहीच जबाबदारी येत नाही काय? सह्याद्रीत नरक्या नावाचा एक लहान वृक्ष आहे. त्याच्या दुर्गंधावरून त्याला हे नाव पडले असून पूर्वी त्याच्याकडे ढुंकूनही कोणी पाहत नसे. कर्करोगावर उपयोगी पडणारे एक द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षात सापडले, आणि १९७२ साली तेच द्रव्य नरक्यात आहे असे गोविंदाचारी व विश्वनाथन या भारतीय रसायनज्ञांनी प्रसिद्ध केले. या शोधाचे मोल मोठे आहे. त्या द्रव्यापासून बनलेल्या औषधांनी पुष्कळ रोग्यांचे आयुष्य वाढले आहे. पण त्याच शोधाने घाटावरच्या आणि कोकणातल्या नरक्यावर कुऱ्हाड आणली आणि त्याची लाकडे चोरट्या वाटेने बाजारात जाऊ लागली. शास्त्रज्ञांनी काही अधर्म केला असे कोण म्हणेल? आणि झाडावर संकट आले ते त्यांच्या सांगण्याने आले, हे तरी कोण नाकारील?

पूर्वीच्या विद्वानांस हा पेच पडला नाही याचे कारण शोधू गेल्यास ते रस्त्यांत सापडते. थिओडोर कुक या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्राचार्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ रचला व तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात कोणती वनस्पती कोणत्या डोंगरावर मिळाली हे त्याने मोकळ्या मनाने दिले आहे. त्या काळी ठिकाण कळणे आणि ठिकाणी पोहोचणे यांत दोन दिवसांची पायपीट होती, आणि ती पायपीट हीच त्या झाडाची कुंपणभिंत होती. आज ठिकाण कळणे म्हणजेच तेथे पोहोचणे झाले आहे. म्हणूनच लिंडेनमायर आणि शील या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात, दुर्मिळ जीवांची ठिकाणे प्रसिद्ध करू नयेत, असे सुचविले. ज्या वृद्धेस आम्ही भोळी म्हटले तिचेच मत जगातील अग्रगण्य नियतकालिकात छापलेले पाहून आम्हास जी लाज वाटली ती सांगण्याजोगी नाही.

या अनुभवानंतर आम्ही दुसऱ्या टोकास गेलो. ती पाटी काढविली, आणि यापुढे या वाटेवरील कोणतीही वस्तू कोणास दाखवावयाची नाही असा निश्चय केला. त्या वाटेच्या शेवटी, कुंपणालगतच्या ओलसर कोपऱ्यात, शेवळे उगवत असत. ठाणे जिल्ह्यातील वाचकांस शेवळ्यांची ओळख करून देणे नको. मृगाचा पाऊस पडला की पाने येण्यापूर्वीच जमिनीतील कंदापासून हा जांभळट कोंब वर येतो; बाजारात त्याच्या जुड्या येतात; आणि तो घशास खाजतो म्हणून त्याच्याबरोबर आंबट काकडेही विकत घ्यावी लागतात. ही काकडे घालण्याची युक्ती कोण्या विद्यापीठाने शोधलेली नाही. तो कोपरा आमच्या वृद्धेच्या जूनमधल्या चार पैशांचा आधार होता. तो आम्हास ठाऊक होता आणि आम्ही तो लपवून ठेविला होता.

२०२४ च्या आरंभी वाहने उभी करण्यास जागा अपुरी पडते म्हणून महाविद्यालयात सभा भरली. नकाशावर त्या कोपऱ्यावर बोट ठेवून कोणी म्हणाले की ही पडीक जागा आहे. सभेत आम्ही होतो. तेथे काय आहे हे त्या सर्व मंडळींत केवळ आम्हास ठाऊक होते. बोलावे तर गुपित फुटते. पुन्हा कोणी पहारी घेऊन येईल. शिवाय, दोन महिने दिसणाऱ्या एका भाजीकरिता सभेचा वेळ घेणे हास्यास्पद ठरेल ही भीतीही मनात होती, आणि ती पहिल्या कारणाहून कमी नव्हती हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्ही गप्प बसलो. ठराव एकमताने मंजूर झाला. फेब्रुवारीत तेथे मुरूम पडला, मार्चात फरशी बसली. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर ती वृद्धा खिंडीतून आत आली आणि फरशीपाशी थबकली. तिने काही विचारले नाही. आम्हास पाहून पदर सावरला आणि आल्या वाटेने परत गेली. तिने चार शब्द रागाने बोलले असते तर बरे झाले असते असे आम्हास अजून वाटते.

तेव्हा सांगितल्यानेही नाश आणि लपविल्यानेही नाश. लपविलेली वस्तू लोभी मनुष्यापासून सुरक्षित राहते हे खरे. पण अज्ञानी मनुष्यापासून ती मुळीच सुरक्षित राहत नाही, आणि या जगात लोभ्यांपेक्षा अज्ञानी अधिक आहेत. भिवंडीच्या आसपास जे माळ गोदामांखाली गेले, त्यांवर काय उगवत होते याची वार्ताही पुष्कळांच्या बाबतीत कोणास नाही. ज्याला नावच नाही त्याच्या रक्षणाकरिता कोण उभा राहणार?

लपविण्याच्या पक्षाविरुद्ध याहूनही मोठा आक्षेप आहे, आणि महाराष्ट्रीयाने तरी तो विसरता कामा नये. 'हे ज्ञान अनधिकाऱ्यास देऊ नये' हे वाक्य आपल्या समाजाने शतकानुशतके उच्चारले आहे. ज्यांस अनधिकारी ठरविले ते जन्मावरून ठरविले. आणि ज्ञानाचे पावित्र्य राखण्याच्या नावाखाली मूठभर लोकांनी आपली सत्ता राखली. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना विरोध झाला तो याच तत्त्वाच्या आधारे. तेव्हा ज्ञान लपविण्याचे समर्थन करणाऱ्या मनुष्याने आपण कोणत्या पंक्तीस जाऊन बसत आहो याचा विचार केला पाहिजे. अळंबीच्या रक्षणाकरिता निघालेला तर्क कोठे जाऊन पोहोचेल हे सांगता येत नाही.

या पेचातून वाट दाखविणारी एक संस्था आपल्याच भूमीत आहे, ती म्हणजे देवराई. सह्याद्रीच्या कुशीत अशा राया अनेक आहेत. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. देवराईचे वैशिष्ट्य असे की तिचे ठिकाण गुप्त नसते. गावातील शेंबड्या पोरासही ती ठाऊक असते, पाहुण्यास मुद्दाम दाखविली जाते. आणि तरीही कित्येक रायांतून वाळलेली काटकीसुद्धा कोणी उचलीत नाही. येथे सांगणे पूर्ण आहे आणि रक्षणही आहे. कारण गावातील मूल जेव्हा 'ही देवराई' असे शिकते, तेव्हा त्याच श्वासात 'येथून काही न्यायचे नाही' हेही शिकते. नाव आणि मर्यादा ही त्याला दोन निरनिराळ्या वेळी, दोन निरनिराळ्या माणसांकडून मिळत नाहीत. श्रद्धा ढासळली तेथे देवराया तुटल्या, हेही खरे. आणि आज नव्याने देवाचे भय निर्माण करा असे आम्ही सुचवीत नाही. पण त्या रचनेतील तत्त्व देवाच्या भयाहून स्वतंत्र आहे असे आम्हास वाटते.

या दृष्टीने पाहता आमच्या पाटीचा दोष कळून येतो. एखाद्या वस्तूचे ज्ञान म्हणजे तिचे नाव, तिचा गुण, तिचे ठिकाण आणि तिच्याशी वागण्याची रीत, ही चारही मिळून होते. वृद्धेजवळ ती चारही एकत्र होती. छत्री पिळून काढावी, माती उकरू नये, उघडलेली सोडावी, हे तिच्या बोटांत होते. उघडलेल्या छत्रीतूनच बीजकण पडतात हे तिने आम्हास सांगितले नाही, कदाचित तिला ते ठाऊकही नसेल; पण तिच्या वागण्यात त्याची सोय होती. आम्ही तिच्या ज्ञानातून पहिली तीन अंगे उचलली, त्यांना शास्त्रीय नावाचे भूषण चढविले, चौथे अंग गावठी समजून टाकून दिले, आणि या अर्ध्यामुर्ध्या वस्तूस ज्ञानप्रसार असे नाव दिले. आम्ही फार सांगितले हा आमचा अपराध नसून फार थोडे सांगितले हा होता. सभेतही तेच घडले. 'सांगावे की लपवावे' असा प्रश्न आम्ही स्वतःस घालून घेतला आणि त्याच्या दोन शिंगांत अडकलो. त्या जागी काय उगवते, त्यावर कोणाची चूल अवलंबून आहे आणि ते कसे राखता येईल, हे सारे त्या दहा माणसांस सांगितले असते तर ते सांगणे पूर्ण झाले असते. त्यांपैकी एकही जण पहार घेऊन येणारा नव्हता.

आता अधिकाराचा प्रश्न राहतो. रीत ही शब्दांनी शिकविता येत नाही. ती जवळ उभे राहून, हाताने करून, चुकून, पुन्हा करून शिकावी लागते. म्हणून ती शिकविण्यास वेळ लागतो आणि शिकणारास चालावे लागते. एवढा एक अधिकारभेद आम्हास मान्य करावासा वाटतो: जो चालेल त्याला सांगावे. हा भेद जन्माचा नाही, पदवीचा नाही, पैशाचा नाही; तो कोणासही ओलांडता येण्यासारखा आहे. ज्या भेदाविरुद्ध फुले लढले त्यात शिकू इच्छिणारास दारातूनच परत पाठवीत. येथे दार उघडे आहे, फक्त आत पायी यावे लागते. या उत्तरात उणीव आहे हे आम्ही जाणतो. चालणाराही लोभी निघू शकतो, आणि नरक्यासारख्या प्रकरणी, जेथे रोग्याचे प्राण तागडीच्या एका बाजूस आहेत, तेथे 'आधी चालून या' असे म्हणण्याचा हक्क कोणास नाही. तेथे रीत घालून देण्याचे काम कायद्याचे आणि राजसत्तेचे आहे. आमचे उत्तर पाचसहाशे पावलांच्या वाटेपुरते आहे. परंतु बहुतेक माणसांच्या वाट्यास तेवढीच वाट येते.

यंदा आम्ही पाटी लावली नाही आणि गुपितही ठेविले नाही. त्या वृद्धेच्या वाडीवर जाऊन, पावसाळ्यात दर शनिवारी विद्यार्थ्यांपुढे चालण्याची तिला विनंती केली. व्याख्यात्यास देतात तेवढे मानधन तिला मिळावे म्हणून बरीच खटपट करावी लागली, कारण शिक्षण या रकान्यात काय लिहावे हे कोणास सुचेना. शेवटी तो रकाना रिकामा ठेवून काम भागले. पहिल्या शनिवारी ती पुढे आणि वीस-बावीस मुले मागे अशी आमची दिंडी निघाली. तिने टाकळ्याचा कोवळा शेंडा किती बोटांवर खुडावा ते दाखविले, कुरडूची भाजी कोठवर घ्यावी आणि कोठून बियांकरिता सोडावी ते सांगितले, आणि एका मुलाने मुळासकट उपटलेले रोप त्याच्याकडूनच परत लावून घेतले. फरशीच्या कोपऱ्याशी ती गेली नाही.

खाणीच्या वळणावर मात्र ती एकाएकी डावीकडे वळली. उजवीकडे कुड्याची दाट झुडपे आहेत. एका मुलीने विचारले, "आजी, तिकडे काय आहे?"

वृद्धेने तिच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "फुडल्या सालीबी ये, मंग दावते."

उजवीकडे काय आहे हे आम्हासही ठाऊक नाही. आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहो.